अहमदाबादचा हेरिटेज वॉक: पोळ झकास, गिरण्या गायब

महापालिकेचा हा वॉक १९९७ पासून चालू आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून सकाळी आठला निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. दोन-अडीच तास लागतात. पाचपैकी चार तारे. एक का कापला, ते पुढे येईलच.

खरी किंमत वसूल होते ती पोळांच्या आत. पोळ म्हणजे एकच दरवाजा असलेली गल्लीबंद वस्ती. आत खडक्या म्हणजे सामाईक अंगणाभोवतीच्या घरांचे छोटे पुंजके, मध्ये पक्ष्यांसाठी चबुतरा, आणि एका पोळातून दुसऱ्यात निघणाऱ्या चोरवाटा. अशी एक वाट वॉकमध्ये चालायला मिळते. नवख्याला ती एकट्याने सापडणं कठीण, त्यामुळे गाइड हवाच. कुवावाळा खांचोपाशी मात्र थांबायचा आग्रह धरा. एकाच चौकात वेगवेगळ्या वळणाची घरं आहेत आणि त्यातलं एक मराठा शैलीचं आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पेशवे आणि गायकवाड यांचा शहरावर सामाईक अंमल होता, त्याची ही खूण.

घराच्या आत जायला मिळालं तर आधी चौकातलं टाकं बघा. छपरावरचं पावसाचं पाणी नळाने उतरून चौकाखालच्या, चुन्याचा गिलावा दिलेल्या टाक्यात साठतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, छप्पर धुऊन निघालं की मगच नळ टाक्याकडे वळवायचा. झाकण घट्ट हवं. उजेड आत गेला की शेवाळ धरतं. उतरत्या नळाचा सांधा सुटला तर पाणी टाक्याऐवजी भिंतीत मुरतं.

आणि भिंतीतच या घरांचा जीव आहे. विटांच्या थरांमध्ये लाकडाच्या आडव्या पट्ट्या घातलेल्या असतात, म्हणून धक्का बसला की भिंत थोडी हलते, एकदम फुटत नाही. अशा भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं आणि मागोमाग वाळवी येते. तुळईच्या टोकापाशी गिलाव्याचा पोपडा सुटलेला दिसला, तर आतलं लाकूड बहुधा गेलेलं असतं. दुरुस्ती चुन्यानेच करायला हवी. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरवलं खरं, पण नक्षीचे खांब आणि घोडे (सज्जाला खालून आधार देणारे लाकडी टेकू) उतरवून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जाण्याचा धोका कायम आहे. म्हणूनच हरकुंवर शेठाणींच्या हवेलीचे भलेमोठे नक्षीदार घोडे जागच्या जागी बघून घ्या.

आता कापलेला तारा. रणछोडलाल छोटालाल यांची पहिली कापडगिरणी इथे १८६१ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्यांनी शहर पोसलं, आणि १९८० नंतर त्या एकामागून एक बंद पडल्या. वॉक रिलीफ रोडवरच्या कॅलिको घुमटापाशी येतो. एकेकाळी तिथे कॅलिको मिलच्या कापडाची विक्री व्हायची. गिरण्यांची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही, तरी ती दोन-चार वाक्यांत आटोपली जाते. गिरणगावच्या माणसाला हे खटकणारच. जुन्या शहराच्या तटबंदीबाहेर पूर्वेला गोमतीपूर, सरसपूरकडच्या कामगार चाळी तर वाटेवरच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सकाळ काढा.

सोय-गैरसोय: देवळं, देरासरं (जैन मंदिरं) आणि शेवटी मशीद, म्हणून झटकन निघणाऱ्या चपला घाला. खांदे-गुडघे झाकलेले असू द्यात. देरासरात फोटो काढण्याआधी विचारा. व्हीलचेअर किंवा बाबागाडी आणू नका. पायऱ्या, उंबरे आणि मोटरसायकली यांतून ती निघत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात मशिदीच्या अंगणातली फरशी दहा वाजताच पाय भाजते. रविवारी पोळ शांत असतात, पण माणिकचौकातला सराफ बाजार बघायचा असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. तिथली खाण्याची गाजलेली दुकानं रात्री लागतात, तेव्हा सकाळी फाफडा-जिलेबीवर भागवा.