गेर्निकाच्या पहिल्या पेन्सिल स्केचची प्रिंट आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं फ्रेमचं दुकान

ऑनलाइन मागवलेली प्रिंट आणि इथं करून घेतलेली फ्रेम, दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच टाकतोय कारण एकावाचून दुसरं भिंतीवर जात नाही.

पिकासोचं गेर्निका बहुतेकांनी बघितलेलं असतं, साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद, ते पोस्टरच्या साइजला आणलं की त्यातला दमच जातो. मला पाहिजे होतं त्याच्या आधीचं पहिलं पेन्सिल स्केच, १ मे १९३७ चं. स्पेनच्या सरकारनं पॅरिसच्या प्रदर्शनासाठी भिंतभर चित्र मागितलं होतं जानेवारीतच, पण काम काही पुढं सरकत नव्हतं, आणि मग २६ एप्रिलला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, त्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकले. पाचव्या दिवशी पिकासोच्या हातात पेन्सिल, समोर निळा कागद, साधारण २१ बाय २७ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा पण लहान.

बैल, घोडा, खिडकीतून दिवा घेऊन बाहेर वाकलेली बाई, तिघं त्या पहिल्याच कागदावर आलेत आणि शेवटच्या चित्रापर्यंत टिकलेत, पण इथं ते शोधावे लागतात. नुसत्या गरागरा फिरवलेल्या रेषा, कुठं दाब दिलाय, कुठं पेन्सिल कागदाला जेमतेम टेकलीय. चित्र 'काढलंय' असं वाटतच नाही, आकार अजून ठरायचाय आणि हात आधीच पळत सुटलाय. मला तर मोठ्या कॅनव्हासपेक्षा हेच जास्त अस्वस्थ करतं, पटत नसेल तर सोडून द्या.

आता प्रिंट. सेलरकडं दोन प्रकार होते, एक पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणि एक निळ्या कागदासकट. पांढरा अजिबात घेऊ नका, कागद साफ करायच्या नादात पुसट रेषा पण साफ झाल्यात, मग राहिलं काय. निळा मी घेतला, अठराशे रुपये, मॅट पेपर, रंग चांगला उतरलाय आणि पेन्सिलीचा करडेपणा काळा झालेला नाही हे महत्त्वाचं. मोठी साइज पण मिळते, पण हलक्या हाताची रेषा फुगवली की दोरीसारखी दिसायला लागते, तेव्हा मूळ मापातच घ्या. पॅकिंग मात्र थर्ड क्लास, पातळ नळीत गुंडाळून पाठवली, एक कोपरा दुमडलेलाच आला आणि तक्रारीला अजून उत्तर नाही. तीन स्टार.

फ्रेमवाल्या मामांना मात्र पैकीच्या पैकी. कलापूर म्हणवणाऱ्या गावात फ्रेमची दुकानं पुष्कळ, पण बऱ्याच ठिकाणी काही विचारायच्या आत सोनेरी नक्षीची पट्टी काढून ठेवतात. मामांनी प्रिंट उलटीसुलटी करून बघितली आणि पहिला प्रश्न, "सर, हे पोरानं काढलंय काय?" म्हणलं नाही मामा, पिकासोचं हाय, लढाईच्या वेळचं. परत जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग बारीक काळी पट्टी घ्या, दुसरं काय शोभणार नाही बघा." दुमडलेला कोपरा पण त्यांनीच माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, बरोबर झाकला.

मी नॉन-ग्लेअर, म्हणजे चकाकी न मारणारी काच मागत होतो, त्यांनीच नको सांगितलं आणि दोन्ही काचा वर ठेवून दाखवलं. मधे माउंटची जाडी असली की त्या खरखरीत काचेतून बारीक रेषा धुरकट दिसतात, पेन्सिलीच्या कामाला तर फारच. साधी काच आणि खिडकीच्या समोरची भिंत टाळायची, झालं काम. मागं पण सगळं नीट बंद करून दिलंय, पावसाळ्यात इथल्या ओलीनं कागदावर बुरशी धरते म्हणून भिंतीपासून जरा लांब राहावी अशा रबराच्या गोट्या कोपऱ्यांना लावल्यात, न सांगता.

माउंटसकट साडेनऊशे झाले. आठवडाभर लागतो, लग्नसराईत जास्त, आणि फोनवर रेट सांगत नाहीत, चित्र घेऊनच जावं लागतं. गाडी मात्र लांब कुठंतरी लावा, दुकानासमोर जागा मिळेल ही आशाच सोडा.