जुन्या पीसी-राउटरचा प्रोसेसर बदलायचा की नवा सीसीआर घ्यायचा?

हिंगणघाट, वणी, ब्रह्मपुरीसारख्या गावात पीपीपीओईवर (म्हणजे प्रत्येक ग्राहकाला युजरनेम-पासवर्डने लॉगिन करवून) इंटरनेट देणाऱ्या छोट्या ऑपरेटरसाठी हा आढावा. डबा, म्हणजे तुमचा मुख्य राउटर, एकतर राउटर ओएस (मायक्रोटिक कंपनीची राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेला असेंबल्ड पीसी, नाहीतर मायक्रोटिकच्याच सीसीआर या तयार राउटर मालिकेतला जुना सीसीआर १०३६, असं इथे धरलं आहे.

खर्चाआधी रात्री आठ ते दहाच्या गर्दीत कोअरवार लोड बघा. एकच कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत असतील, तर कोअर वाढवून फरक पडणार नाही. कोअर वेगवान हवा. सगळेच भरले असतील तर राउटर ओएसमधलं प्रोफाइल हे टूल उघडा, कुठलं काम किती प्रोसेसर खातं ते त्यात दिसतं. यादीत फायरवॉल सगळ्यात वरती दिसलं तर आधी त्याचे नियम छाटा, कदाचित खरेदीच टळेल.

१०३६ वाल्यांचा प्रश्न लवकर सुटतो. त्याचे ३६ कोअर १.२ गिगाहर्ट्झचे आहेत आणि प्रोसेसर बदलता येत नाही. बदलते ती फक्त रॅम. ती कामाची पूर्ण बीजीपी टेबल (सगळ्या इंटरनेटच्या मार्गांची यादी) घेणाऱ्याला, म्हणजे सुमारे १० लाख रूट ठेवणाऱ्याला. तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या वरच्या कंपनीकडून नुसता डिफॉल्ट रूट (सगळ्या ट्रॅफिकसाठी एकच मार्ग) येत असेल तर रॅमवर पैसे घालू नका.

पीसीत मात्र वाव आहे. एच ११० चिपसेटच्या मदरबोर्डवरचा दोन कोअरचा आय-३ ६१०० काढून चार कोअरचा आय-७ ७७०० बसतो. घोळ होतो तो बायोसचा: सातव्या पिढीसाठी बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करावा लागतो, नंतर स्क्रीनच येत नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच ११५१ सॉकेटचा म्हणून घेऊ नका. तो या बोर्डावर चालत नाही. आय-७ ६५ वॅटचा आहे, त्याच्या मापाचा कूलर-फॅन आणि नवी थर्मल पेस्ट घ्या. रॅम वाढवणार असाल तर राउटर ओएस ७ हवंच, कारण पीसीवरचं ६ फक्त २ जीबी वापरतं. राउटर ओएसचं लायसन्स डिस्कला बांधलेलं असतं, प्रोसेसरला नाही. तेव्हा डिस्कला हात लावू नका. लायसन्स लेव्हल ५ चं असेल तर प्रोसेसर कितीही दमदार असो, एका वेळी जोडलेले पीपीपीओई ग्राहक ५०० वरच थांबतील.

नवा घ्यायचा तर सीसीआर २११६ मध्ये २ गिगाहर्ट्झचे १६ कोअर, १६ जीबी रॅम, चार १० गिगाबिट एसएफपी प्लस (फायबरचे मॉड्यूल बसणारे) पोर्ट, दोन पॉवर सप्लाय आणि लेव्हल ६ लायसन्स येतं. हार्डवेअर ऑफलोडचे (प्रोसेसरऐवजी स्विच चिपने ट्रॅफिक वाहण्याचे) मोठे आकडे बघून हुरळू नका: पीपीपीओईचं ट्रॅफिक ऑफलोड होत नाही, ते प्रोसेसरच वाहतो. एकाच कोअरचा वेग पाहिला तर आय-७ पुढेच राहतो.

पण आपल्याकडे निकाल बऱ्याचदा डबा ठेवलेली खोली लावते. नवतप्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते आणि जिनिंगजवळ कापसाची बारीक रुई फॅनमध्ये अडकते. पीसीच्या हीटसिंकवर तिचा थर बसला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. वाळ्याच्या कूलरचा झोत थेट डब्यावर सोडू नका, ओल आणि क्षार बोर्डावर जमतात. इन्व्हर्टर यूपीएस मोडवरच ठेवा. साध्या मोडमध्ये लाइट गेली की पीसीचा जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) तग धरत नाही, पीसी रीस्टार्ट होतो. २११६ चे दोन सप्लाय दोन वेगळ्या इन्व्हर्टरवर लावता येतात.

म्हणून ३००-४०० ग्राहक, बरी खोली आणि एच ११० बोर्ड असेल तर प्रोसेसर बदला. ५०० कडे जात असाल, किंवा डबा अशा गावात असेल जिथे रात्री कुणी पोहोचणार नाही, तर सरळ २११६.

तयारी करताना नवीन डब्यासाठी बॅकअप फाइल वापरू नका. दुसऱ्या मॉडेलवर ती मॅक ॲड्रेससकट (पोर्टच्या हार्डवेअर ओळख क्रमांकासकट) गोंधळ घालते. एक्स्पोर्ट, म्हणजे सेटिंगची मजकूर फाइल, घ्या. राउटर ओएस ७ वर तो घेताना गुप्त माहिती दाखवण्याचा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर पीपीपीओईचे पासवर्ड फाइलमध्ये येत नाहीत. लॉगिन युजर आणि सर्टिफिकेट एक्स्पोर्टमध्ये नसतात, ते वेगळे उतरवा. इंटरफेसची नावं फाइलमध्ये आधीच बदलून ठेवा. वरच्या कंपनीने तुमचं कनेक्शन जुन्या मॅकला बांधलं असेल तर नवा मॅक आदल्या दिवशीच कळवा. रेडियस (ग्राहकांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) वापरत असाल तर नव्या डब्याचा आयपी तोच ठेवा.

बदल पहाटे दोननंतर करा. ओएलटीचे (ग्राहकांकडे जाणाऱ्या फायबर लाइन जोडलेल्या यंत्राचे) सगळे पोर्ट एकदम सुरू केले तर सगळे ग्राहक एकाच वेळी लॉगिनला धडकतात आणि रेडियस गुदमरतो. एक पोर्ट सोडा, सेशन स्थिर होऊ द्या, मग पुढचा.