शेवाळलेल्या लॉनसाठी हिराकस: एका हंगामाच्या वापरानंतर

सुमारे 400 चौरस मीटरचे लॉन माझ्याकडे आले, तेव्हा त्यात गवत किती आणि शेवाळ किती हे डोळ्यांआधी पायांना कळत होते. पाऊल ओल्या स्पंजावर पडावे तसे रुते. बागकामाचा अनुभव नसल्यामुळे मी पहिला उपाय म्हणून हिराकस, म्हणजेच फेरस सल्फेटची पूड, आणली. शेवाळ मारण्याचे काम ती चोख करते, पण लॉन सुधारण्याचे काम तिच्यावर सोपवून निश्चिंत होता येत नाही, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

विकत घेताना पाकीट नीट वाचावे, कारण ही पूड दोन रूपांत मिळते: फिकट हिरव्या स्फटिकांच्या हेप्टाहायड्रेटमध्ये वजनाच्या सुमारे 20 टक्के लोह असते, तर कोरड्या मोनोहायड्रेटमध्ये ते 30 टक्क्यांच्या आसपास असते, आणि एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर गवतही करपू शकते. मी आणलेल्या पाकिटावर हे रूप कोणते ते अगदी बारीक अक्षरांत छापले होते, ही त्यातील खरी उणीव म्हणावी लागेल.

जमीन ओलसर असताना, ढगाळ दिवशी, लॉनचे दोरीने पट्टे आखून मी झारीने द्रावण दिले. दुसऱ्याच दिवशी शेवाळ काळवंडू लागले आणि आठवड्याभरात पूर्ण काळे पडले, तर गवत उलट अधिक गडद हिरवे झाले. मात्र द्रावणाचे थेंब पायवाटेच्या फरशीवर उडाले, त्यांचे गंजासारखे डाग अजून गेलेले नाहीत. फरशीजवळ काम करताना ती आधी झाकून घ्यावी, हे मी कळकळीने सांगतो.

खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात. शेवाळाला खरी मुळे नसल्यामुळे मेलेला थर दंताळ्याने सहज सुटतो, पण इतक्या मोठ्या जागेतून निघालेला ढीग पाहून मी थक्क झालो, आणि खाली उरली ती बहुतांशी उघडी माती. ती माती घट्ट दाबली गेली होती, पाण्याचा निचरा होत नव्हता आणि गवत फार आखूड कापले जात होते. शेवाळ माजण्याची ही कारणे कोणतीही पूड दूर करू शकत नाही. म्हणून मी पोकळ दात्यांच्या काट्याने 8 ते 10 सेंटीमीटर खोल छिद्रे पाडली, त्यांत वाळू व कंपोस्ट भरले, चौरस मीटरला 30 ग्रॅमप्रमाणे गवताचे बी पेरले आणि कापणीची उंची वाढवली. हिराकस मातीचे आम्लत्व वाढवते, त्यामुळे मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) तपासल्याशिवाय ती पुन्हापुन्हा वापरणे मला योग्य वाटत नाही.

उन्हाच्या भागात नवे गवत दाट आले आहे. मोठ्या झाडाखाली मात्र दोनदा पूड देऊनही काही महिन्यांत शेवाळ परतले, तेव्हा तिथे सावलीत वाढणारी झाडे लावण्याचे ठरवले आहे. पुढच्या हंगामासाठी मी हिराकसचे लहान पाकीटच घेणार आहे आणि उरलेले पैसे चांगल्या बियाण्यावर खर्च करणार आहे.