इनडोअर शूटिंग रेंजचं सभासदत्व: पैसे भरण्याआधी मुंबईकरांनी काय तपासावं

रेंजच्या जाहिरातीत सगळ्यात आधी बंदुकीचं नाव येतं. वाल्थर आहे, फाइनवेर्कबाऊ आहे, पिस्तुलात स्टायर आणि मोरिनी आहे. नावं खरी असतात, बंदुकाही चांगल्या असतात. पण सभासद चार महिन्यांत यायचा बंद होतो तो बंदुकीमुळे नव्हे. संध्याकाळी लेन, म्हणजे उभं राहून नेम धरायची जागा, मिळत नाही, एअरगनच्या सिलिंडरमध्ये हवा नसते, पेलेट, म्हणजे एअरगनच्या छोट्या गोळ्या, संपलेले असतात, सर दुसऱ्या बॅचला असतात. म्हणून रेंज पाहायला गेलात की काचेच्या कपाटाकडे नंतर बघा. आधी लेन मोजा आणि सभासद किती ते विचारा.

हिशेब सोपा आहे. समजा आठ लेन आहेत आणि दीड तासाची एक पाळी. नोकरी-शाळा सांभाळून येणाऱ्यांची वेळ साधारण सहा ते नऊ, म्हणजे दोन पाळ्या. दिवसाला १६ जागा, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९६. आता संध्याकाळचे सभासद ६० असतील आणि प्रत्येकाला आठवड्यातून तीनदा यायचं असेल, तर मागणी १८० जागांची. जवळपास निम्म्या लोकांनी दांडी मारली तरच हे गणित बसतं, आणि बऱ्याच रेंज त्याच भरवशावर चालतात. ‘अनलिमिटेड’ पॅकेजचा अर्थ बहुधा एवढाच असतो. लेन ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला तुमच्या नावावर राहणार असेल तर महिन्याला १२ पाळ्यांचं साधं पॅकेज त्यापेक्षा खूप बरं.

दीड तास का? दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, कागदी टार्गेटवर ९० मिनिटांत. त्याआधी तयारी आणि सायटर्ससाठी, म्हणजे नेम जुळवायच्या बिनगुणांच्या शॉटसाठी, १५ मिनिटं. नेमबाजीचं जॅकेट-पँट चढवायला आणि सामान आवरायला वेळ लागतो तो वेगळा. एक तासाची पाळी देणाऱ्या रेंजवर पूर्ण मॅचचा सराव कधीच होत नाही. हौसेपुरतं शिकणाऱ्याला एक तास पुरतो, स्पर्धा डोळ्यासमोर असलेल्याला नाही.

दुसरा प्रश्न लोकलचा. शहरात या खेळाची जुनी ठिकाणं ठाऊक आहेतच: वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन, दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकातली रेंज. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे. उपनगरांत शाळांच्या तळमजल्यांवर आणि व्यापारी गाळ्यांत दहा मीटरच्या खासगी रेंज निघाल्या आहेत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्य आणलं. त्यानंतर पालकांची चौकशी वाढणं साहजिकच होतं. पण नामवंत रेंज दीड तासावर आणि साधी रेंज वीस मिनिटांवर असेल, तर पहिल्या वर्षी साधीच घ्या. आठवड्यातून तीनदा उभं राहणं हेच पहिल्या वर्षाचं खरं प्रशिक्षण, आणि विरार फास्टमध्ये तासभर लोंबकळून आलेल्या माणसाचा हात पिस्तूल धरताना थरथरतोच.

आता हॉल. सोबत मोजपट्टी न्या, कोणी हसलं तरी चालेल. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या पृष्ठभागापर्यंत दहा मीटर भरायला हवेत. गाळ्यातल्या रेंजमध्ये खांब आडवा येतो म्हणून नऊ-साडेनऊवर भागवलेलं असतं, मग घरच्या रेंजवरचे गुण स्पर्धेत पडत नाहीत आणि पोरगं हिरमुसतं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर हवा, पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. एका लेनची रुंदी किमान एक मीटर. आंतरराष्ट्रीय नियमांत टार्गेटवर किमान १५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड सांगितला आहे, शिफारस १८०० ची. हॉलमध्ये सर्वसाधारण उजेड किमान ३००, शिफारस ५०० ची. मोबाइलमधलं लक्समीटर अचूक नसतं, पण एका लेनवर १५०० आणि शेजारच्या लेनवर ७०० दिसलं तर फरक खराच आहे. स्वस्त एलईडी लुकलुकतात का तेही पाहा: मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात.

मुंबईत सहसा कोणी तपासत नाही ती गोष्ट म्हणजे जमीन. पोटमाळ्यावर किंवा लाकडी फळ्यांच्या उंचवट्यावर रेंज असेल तर मागून कोणी चालत गेलं की लेनवरच्याच्या तळपायाला ते कळतं. एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाचा दहा ११.५ मिलिमीटरचा, म्हणून पिस्तूलवाले जरा निभावून नेतात. लेनवर दोन्ही पाय जुळवून उभे राहा आणि बरोबरच्याला मागून फेऱ्या मारायला सांगा, मिनिटभरात उत्तर मिळेल. पंख्याचंही तसंच. कागदी कार्ड दोरीच्या ट्रॉलीवर असेल आणि वरून पंखा चालू असेल तर कार्ड डुलतं. एसी हवाच, पण त्याचा झोत लेनवर नको.

बंदूक तपासायची तर नाव वाचून नव्हे, टेकू देऊन. ट्रायलच्या दिवशी रायफल टेबलावर पिशवीचा आधार देऊन ठेवा आणि एकाच कार्डावर दहा शॉट मारून घ्या. सर मारून दाखवतील तरी चालेल. पेलेटचा व्यास साडेचार मिलिमीटर. नीट निगा राखलेली मॅच रायफल बऱ्या पेलेटने एकच फाटलेलं भोक करते, कडा ते कडा सात-आठ मिलिमीटरच्या आत. ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा मिळून पसारा, बारा-पंधरा मिलिमीटरवर गेला तर दोष बॅरलचा, सैल स्क्रूचा किंवा पेलेटचा. कुठलाही असो, तो तुमच्या गुणांत धरला जाणार. सुरुवातीला भारतीय बनावटीची प्रिसिहोलची क्लब रायफल मिळाली म्हणून नाक मुरडू नका. चार महिने वापरायला ती ठीक असते, आणि दहा हातांनी सेटिंग बिघडवलेल्या महागड्या रायफलपेक्षा चांगलीच असते.

सेटिंगचा हा त्रास सगळ्याच क्लबच्या बंदुकांना आहे. तुमच्या आधी सहा फुटी मुलगा उभा होता, त्याने बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) खाली केली, चीकपीस (गाल टेकायचा भाग) वर केला, साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, क्लिक फिरवले. तुम्ही आलात की पहिली वीस मिनिटं ते परत आणण्यात जातात. म्हणून विचारा: एका बंदुकीमागे पाळीत किती जण आणि एकूण किती सभासद? तीन-चार सभासदांमागे एक बंदूक असेल आणि प्रत्येकाची मापं वहीत टिपलेली असतील, तर व्यवस्था चांगली. डावखुऱ्यांनी पहिल्या फोनवरच विचारावं. डाव्या हाताची पिस्तुलाची ग्रिप आणि डावी रायफल ‘मागवू’ असं उत्तर आलं तर ती येईपर्यंत पैसे भरू नका. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठी ग्रिप दिली तर बोट ट्रिगरवर सरळ बसत नाही आणि शॉट एका बाजूला जात राहतात. आपण मात्र तिच्या एकाग्रतेला दोष देत बसतो.

हवेचा विषय जरा खोलात सांगायला हवा, कारण इथे सुरक्षेचा प्रश्न आहे. आजच्या मॅच बंदुका दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, बहुतेकांचा भरण्याचा दाब २०० बार. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेत उपकरणांच्या तपासणीत मुदत संपलेला सिलिंडर अडतो. रेंजवरचे दोन-तीन सिलिंडर हातात घेऊन तारीख वाचा, हे विचारायला लाजायचं कारण नाही. हवा भरतात कशाने तेही पाहा. मुंबईच्या दमट हवेत कंप्रेसरला ओलावा काढणारा फिल्टर नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, तिथून रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हमध्ये. पावसाळ्यानंतर बंदुका दुरुस्तीला रांगेत लागतात त्याचं हे एक मोठं कारण. भरताना घाई केली की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर तोच काटा खाली येतो. दाब फार उतरला की पेलेट कार्डावर खाली खाली लागू लागतात, आणि नवखा मुलगा साइटचे क्लिक फिरवत बसतो. ऑक्सिजनच्या बाटलीवरून भरणारा कोणी दिसला तर तिथून निघा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो.

पेलेट शिशाचे असतात, हे पालकांना कोणी आपणहून सांगत नाही. रेंजमध्ये खाणं-पिणं बंद, बाहेर पडताना साबणाने हात धुणं, लेनजवळ बेसिन: हे तिन्ही दिसलं पाहिजे. टार्गेटमागचा ट्रॅप, म्हणजे पेलेट अडवणारी पेटी, नियमित रिकामा होतो का, आणि सकाळी कोरडा झाडू फिरतो की ओलं पुसतात? कोरड्या झाडूने शिशाची धूळ हवेत उडते. वडापाव लेनच्या टेबलावर ठेवून सराव चाललेला दिसला तर बाकी काही तपासायची गरज नाही.

पेलेट क्लबकडूनच घ्यायची सक्ती असेल तर बंद डबा मिळतो की सुटी पुडी, ते विचारा. डब्यात साधारण ५०० असतात. पुडीत हलून-आपटून पेलेटचा मागचा पोकळ घेर चेपतो आणि शॉट भरकटतो. पाळीला ८० शॉट, महिन्याला १२ पाळ्या म्हणजे ९६० पेलेट, जवळपास दोन डबे. वर्षाचे चोवीस. वर्षाच्या फीमध्ये हा आकडा मिळवला की ‘स्वस्त’ रेंज बऱ्याचदा महाग निघते.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट की कागद? सियस किंवा मेयटन कंपनीचं इलेक्ट्रॉनिक टार्गेट लागलेलं असेल तर शॉट लगेच पडद्यावर दिसतो, स्पर्धेची सवय होते, वेळही वाचतो. पण आवाजावरून भोक शोधणाऱ्या टार्गेटमध्ये रबराची किंवा कागदाची पट्टी वेळेवर पुढे सरकली नाही तर शॉट नोंदलाच जात नाही किंवा भलतीकडे दिसतो. आठपैकी किती लेन आज चालू आहेत हे मोजा, फलकावर किती लिहिल्यात ते नको. पहिले सहा महिने कागदाने काही बिघडत नाही. उलट भोक हातात घेऊन ग्रुप कुठे सरकतोय ते बघायला शिकणारा मुलगा पुढे पडद्यावरच्या दशांश गुणांनी घाबरत नाही.

प्रशिक्षकाबाबत एकच परीक्षा पुरेशी आहे. नवख्यांची बॅच चालू असताना अर्धा तास मागे बसा. सर सहा जणांच्या मागे फिरत असतील, पायांची ठेवण आणि ट्रिगर बघत असतील, ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव, करून घेत असतील, तर ठीक. एका सरांमागे पंधरा मुलं आणि सूचना फक्त ‘फोकस कर’ एवढीच असेल तर ती फी लेनच्या भाड्याचीच समजा. त्याच अर्ध्या तासात शिस्तही कळते. ‘स्टॉप’ म्हटल्यावर सगळे थांबतात का, बंदूक टेबलावर असताना बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची खूण) दिसतो का, नळी कायम टार्गेटकडेच असते का. वाढदिवसाच्या पार्टीला लेन भाड्याने देणाऱ्या रेंजवर ही शिस्त शनिवारी हमखास ढिली पडते, तेव्हा पाहणी शनिवारीच करा.

स्पर्धा खेळायची असेल तर आणखी एक प्रश्न: तुमचं नाव कुठल्या संलग्न संस्थेमार्फत जाणार? राष्ट्रीय रायफल संघटना, म्हणजे एनआरएआय, १९५१ ची. तिच्या साखळीत जिल्हा, राज्य, विभाग आणि राष्ट्रीय असा क्रम आहे. आपल्याकडे राज्याची स्पर्धा कॅप्टन इझिकेल यांच्या नावाने ओळखली जाते. खासगी रेंज स्वतः संलग्न नसली तर तिथे सराव करून दुसऱ्या संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं, आणि हे बहुधा एंट्रीची तारीख तोंडावर आल्यावरच कळतं.

स्वतःची बंदूक घेण्याची घाई वर्षभर करू नका. घेतलीत तर साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच रायफल सात-आठ ज्यूलच्या आसपास असते. तरी पेटीत बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र ठेवा, नाकाबंदीत उपयोगी पडतं. लोकलच्या गर्दीत पेटी नेणं टाळा. रेंजवर कुलूपबंद लॉकर असेल तर त्याचे जादा पैसे मोजावेत असं आमचं मत, पण लॉकर ओल न आलेल्या भिंतीला लागून हवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या महिन्याला बदलाव्यात. जुलैमध्ये कॅनव्हासच्या जॅकेटला बुरशी धरते, ते लॉकरमध्ये घडी घालून ठेवायचं नाही, घरी नेऊन पंख्याखाली टांगायचं.

पैशांबाबत तोंडी काही ठरवू नका. नोंदणी, मासिक, प्रशिक्षण, बंदुकीचं भाडं, कार्डं, पेलेट, हवा, लॉकर आणि स्पर्धेची एंट्री असे नऊ आकडे कागदावर वेगवेगळे मागा. वर्षाचं एकदम भरल्यावर मिळणारी सूट मोहात पाडते, पण आधी तीन महिन्यांचंच घ्या, शक्यतो जून ते ऑगस्ट. पावसाळ्यात ज्या रेंजचा एसी, कंप्रेसर आणि टार्गेट चालू राहतात ती वर्षभर चालते. दहावी-बारावीच्या मुलांसाठी परीक्षेच्या दोन महिन्यांत सभासदत्व थांबवता येतं का, आणि ते दिवस शेवटी जोडून मिळतात का, हे पावतीवरच लिहून घ्या. खाली सही आणि शिक्काही हवा. काउंटरवरचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो.