जुनी कॅनरी कशी दिसायची: रंगीत छाप बघावा की फोटो?

लंडन फॅन्सी ही कॅनरी या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्याची इंग्लंडमधली एक जात. अंग सोनेरी पिवळं, पंख आणि शेपूट काळी कुळकुळीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात संपली. त्यामुळे आज ती रंगवायची असेल, किंवा नव्याने पैदास करून जवळपास पोचायचं असेल, तर जुन्या चित्रांवरच भिस्त. ती मुख्यतः तीन प्रकारची मिळतात.

पहिला प्रकार रंगीत शिळाछापांचा. १८८० च्या आसपास कॅसेल प्रकाशनाने काढलेल्या ब्लॅकस्टन आणि सहलेखकांच्या ग्रंथातली चित्रं या प्रकारची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि एकावर एक छपाई. आपल्याकडे रविवर्मा प्रेसची चित्रं निघाली ती याच तंत्राने. पिसांवरची नक्षी बघायला याला तोड नाही. लिझार्ड कॅनरीच्या पाठीवरच्या चंद्रकोरींच्या रांगा, डोक्यावरची फिकट टोपी, सगळं स्पष्ट दिसतं. पण हे रूप एका मोसमाचं. लिझार्डची नक्षी पहिल्यांदा पिसं गाळल्यानंतर सर्वांत देखणी असते, पुढे दर वर्षी ती मिटत जाते. लंडन फॅन्सीचे काळे पंखही दुसऱ्या खेपेला पिसं गाळली की फिके पडत. चित्रकारापुढे अर्थातच प्रदर्शनाच्या ऐन बहरातला पक्षी असायचा.

रंगाची भानगड याहून मोठी. १८७० च्या दशकात नॉर्विच कॅनरीला पिसं बदलताना लाल मिरचीची पूड चारायची टूम निघाली आणि पिवळे पक्षी नारिंगी होऊन प्रदर्शनात बक्षिसं मारू लागले. यावरून मोठा वादही झाला. म्हणजे नारिंगी नॉर्विचचं चित्र त्या पक्ष्याशी प्रामाणिक असेलही, जातीशी नाही. त्यात छापाची शाई आणि पिवळा पडलेला कागद! दोन प्रती शेजारी ठेवल्या तरी छटा जुळतीलच असं नाही.

फोटोत खोटेपणा कमी, असं वाटतं. अंगलटीपुरतं ते खरंही आहे: पक्षी किती लांब, किती गोल, दांडीवर कसा उभा राहतो, हे मी फोटोवरूनच ठरवीन. पण रंगाच्या बाबतीत जुना फोटो पार फसवतो. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर उमटत, आणि सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशालाच दाद देत, त्यामुळे पिवळा रंग काळपट उमटायचा. पिवळ्या अंगावर काळे पंख ही जिची ओळख, तिचा अशा काचेवर काय निकाल लागत असेल! १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्या-पिवळ्याचीही जाण आणली, पण तशा काचा बाजारात रुळायला वेळ लागला.

तिसरा प्रकार, कॅनरी पाळणाऱ्यांच्या मंडळांची 'आदर्श' पक्ष्याची रेखाचित्रं, मी शेवटी ठेवीन. ती परीक्षकांना काय हवं होतं ते सांगतात. पिंजऱ्यात काय होतं ते नाही. आणि हा आदर्श बदलतही जातो: यॉर्कशायर कॅनरी लग्नाच्या अंगठीतून जायला हवी असं एके काळी म्हणत, आजची चांगली भरदार असते.

तेव्हा पैदाशीसाठी नक्षी हवी असेल तर शिळाछाप, बांधा हवा असेल तर फोटो. शिळाछाप घेताना मात्र सुटं पान घेऊ नका. जुने ग्रंथ फाडून चित्रं वेगळी विकतात. भिंतीवर ती शोभतात, पण पक्ष्याचं वय आणि खाणं याबद्दल लेखकाने काही लिहिलं असलंच, तर ते मागे राहिलेल्या मजकुरात.