जलाशयातला कार्प: हेअर रिग, मका आणि थर्मामीटर, अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी ऐन थंडीत कार्प मासा पकडायला हेअर रिग (गळाची खास बांधणी) आणि मेथड फीडर (ज्यावर चारा दाबून बसवतात ते वजन) वापरायला घेतले, त्याला आता अकरा महिने झाले. त्याआधी आमिष गळात ओवून तळाला सोडायचो. या काळात एकाच मोठ्या जलाशयावर मका, बॉयली (पिठाची उकडलेली गोळी), पेलेट (दाबून केलेलं दाणेदार खाद्य), गांडूळ आणि पाव एवढीच आमिषं वापरली आणि दर फेरीला पाण्याचं तापमान वहीत लिहिलं.

हेअर रिगने सगळ्यात मोठा फरक पडला. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ही मांडणी पुढे आणली. यात आमिष बारीक दोऱ्यावर असतं आणि गळ उघडा राहतो. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो दाणा पाण्यासकट ओढून घेतो आणि काही खटकलं की फुंकून टाकतो. गळ उघडा असला तर फुंकताना टोक खालच्या ओठात रुततं. पूर्वी काठीचं टोक दोनदा थरथरायचं आणि सगळं शांत व्हायचं. आता एकदम रीळच सुटतं. मी ८ नंबरचा गळ आणि मक्याचे दोन दाणे लावतो. दाणा आणि गळाचं वाकण यांत ५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवतो. दाणा वाकणाला टेकला की गळ वळत नाही, म्हणून हे अंतर आता पट्टीने मोजूनच गाठ मारतो.

थंडीत पहिले तीन आठवडे माझी चूक झाली. पाणी ८ ते ९ अंश सेल्सिअस होतं आणि मी काठाजवळ दीड मीटर खोलीत अर्धा किलो मका टाकत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नितळ पाण्यात ते पिवळे दाणे जसेच्या तसे पडलेले दिसले, एकही हललेला नव्हता. कार्पला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, आणि पाणी गार झालं की पचन फारच मंदावतं. त्यानंतर मूठभर बारीक चुरा फीडरवर दाबून त्यात एकच छोटी, भडक रंगाची बॉयली ठेवली, तेव्हा मासे लागू लागले. तेलकट, मासळीच्या पिठाची बॉयली मात्र गार पाण्यात नकोच. ती ऊन वाढल्यावर चालते.

पाणी १२ ते १५ अंशांवर आलं की दुपारी काठाच्या उथळ कोपऱ्यांकडे जावं. ऊबदार वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे वरचं कोमट पाणी आणि खाद्य दोन्ही ढकललं जातं. वारा तोंडावर घेत बसायला त्रास होतो, पण मासे तिथेच मिळाले. १८ अंशांच्या आसपास ते गवतात अंडी घालायला लागले तेव्हा मी दोन आठवडे गळ टाकलाच नाही. त्या दिवसांत त्यांना सोडून द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात चारा भरपूर टाकावा, हे खरं. पण मी १२ मीटर खोलीत टाकत राहिलो आणि सहा फेऱ्या कोरड्या गेल्या. खोल जलाशयात ऊन वाढलं की पाण्याचे थर पडतात आणि तळच्या थरातला प्राणवायू संपत जातो. वरचं पाणीही तापलं की कमीच प्राणवायू धरतं: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मग मी ३-४ मीटरवर आलो आणि पहाटेची वेळ धरली. भर दुपारी मासे पृष्ठभागावर दिसले तर पावाचा तुकडा वजनाशिवाय तरंगत सोडायचा.

वर्षातले सगळ्यात चांगले दिवस पाणी चढतानाचे. काठावरचं गवत नुकतंच बुडालेलं असतं, मातीतून गांडुळं बाहेर पडतात आणि कार्प गुडघाभर पाण्यात येतो. तिथे फीडरचा धपका नको. हलकी तरंगी, दोन गांडुळं, आणि आपण काठापासून चार पावलं मागे. पाणी उतरू लागलं की हेच मासे जुन्या ओढ्याच्या पात्राकडे सरकतात.

मका मात्र नीट शिजवा. २४ तास भिजवून अर्धा तास उकळायचा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा. कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

तक्रारीही आहेत. मऊ गाळात मेथड फीडर रुतून बसतो. तिथे लांब दोऱ्याचं साधं वजनच बरं. पेलेट बारीक मासे मिनिटांत संपवतात. गळांचं एक पाकीट बोथट निघालं, त्यात दोन चांगले मासे गेले. आता प्रत्येक टोक नखावर टेकवून बघतो. घसरलं तर तो गळ बाद. बुडालेल्या झाडांजवळ वजन सुटणारी क्लिपच लावा, म्हणजे तंगूस तुटला तरी मासा शिसं ओढत फिरणार नाही.

कालची नोंद: पाणी ११ अंश, वारा नाही. चारा निम्म्यावर आणला आणि अकराच्या सुमारास एका बॉयलीवर एक कार्प लागला. ओल्या चटईवर ठेवून गळ काढला आणि लगेच पाण्यात सोडला.