जहाजाची वेळ आणि दलालाचे घड्याळ

गेल्या जुलैत मायामीहून निघालेल्या कॅरिबियन क्रूझमध्ये आमच्या वाट्याला मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरचा एक दिवस आला होता आणि तो पालांकारच्या प्रवाळांवर दोन डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालच्या दोन फेऱ्या, करण्यातच घालवायचा, हे मी आणि माझ्या पत्नीने आधीच ठरवले होते. जहाजाची स्वतःची सहल महाग वाटली, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सापडलेल्या एका इसमाकडे नोंदणी केली आणि थोड्या सवलतीच्या मोहाने २२० डॉलर कार्डाऐवजी बँक खात्यातून थेट पाठवले.

खरे तर तेव्हाच शंका यायला हवी होती. तारकर्लीला आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेलो, तेव्हाही आमच्याकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेतला होता. या गृहस्थाने मात्र ना प्रशिक्षणाचे कार्ड मागितले, ना शेवटची डाइव्ह कधी केली हे विचारले, ना दम्याची चौकशी केली. त्याला फक्त जहाजाचे नाव, धक्क्याला लागण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ हवी होती. मी याला तत्परता समजलो.

‘सकाळी ९ वाजता’ असे ठरले, पण कोणाच्या घड्याळाने, हे दोघांपैकी कोणीच बोलले नाही. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथे २०१५ पासून घड्याळ वर्षभर एकाच वेळेवर असते; मायामीचे घड्याळ उन्हाळ्यात त्याच्या एक तास पुढे असते, आणि आमचे जहाज मायामीच्या वेळेने चालत होते. आम्ही एक तास उन्हात उभे राहिलो. तो आला, तो शांतपणे ‘तुम्हीच लवकर आलात’ म्हणाला, आणि आम्हाला टॅक्सीत बसवून भलत्याच दुकानात सोडून निघून गेला.

तिथे कळले की तो दलाल होता. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार त्याने दोघांच्या केवळ स्नॉर्केलिंगचे, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरूनच खाली पाहण्याचे, पैसे भरले होते. डाइव्हसाठी आणखी १८० डॉलर लागणार होते, आणि सागरी उद्यानाचे शुल्क व वेटसूटचे (पाण्यात ऊब देणाऱ्या अंगाबरोबर पोशाखाचे) भाडे त्याहून वेगळे. भांडायला आमच्याकडे वेळ नव्हता, आणि जहाजाची वेळ आधीच विचारून ठेवणाऱ्याचा सारा धंदा याच एका गोष्टीवर चालतो. जहाजाच्या सहलीतील लोकांसाठी जहाज सहसा थांबते, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. आम्ही पैसे दिले.

पालांकार बेटाच्या नैर्ऋत्येला आहे. तिथे प्रवाहाबरोबर वाहत जायचे आणि बोटीने मागून येऊन उचलून घ्यायचे, अशी पद्धत असते. आमची बोट तिथवर गेलीच नाही. किनाऱ्याजवळ जेमतेम नऊ मीटर खोलीवर, बहुतांशी वाळूवर, एकच डाइव्ह झाली आणि ‘तुमचे जहाज सुटेल’ म्हणून दुसरी रद्द झाली. बेटावर प्रामाणिक डाइव्ह दुकाने पुष्कळ आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्यापैकी एकाशी तरी मी नोंदणीपूर्वी थेट बोललो असतो, तर बोट कोणाची, कोणत्या ठिकाणी जाणार आणि दरात काय काय धरले आहे, ही उत्तरे लेखी मिळाली असती.

परतल्यावर बँकेकडे तक्रार केली. पैसे तुम्ही स्वतःच्या संमतीने पाठवले आहेत, असे उत्तर आले. दलालाला पाठवलेल्या सात संदेशांपैकी शेवटच्यालाच उत्तर मिळाले: पुढच्या वेळी कोणत्या जहाजाने येणार?